मुखाची पुनर्रचना : एक जुनी विद्या व आपले कर्तव्य

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर उरवाईच्या वाटेने जो कोणी गेला असेल, त्याने डोंगराच्या अंगात कोरलेल्या तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती पाहिल्याच असतील. तोमर राजांच्या काळी, पंधराव्या शतकात, त्या घडल्या. त्यांतील सर्वांत उंच मूर्ती सुमारे ५७ फुटांची आहे. इ. स. १५२८ मध्ये बाबर येथे आला, तेव्हा या मूर्ती नष्ट करण्याचा हुकूम आपण दिला असे त्याने स्वतःच्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. अखंड डोंगर फोडणे काही साधले नाही. घाव पडले ते प्रामुख्याने मुखांवर. पुढे आपल्या समाजातील श्रावकांनी त्यांपैकी कित्येक मुखे चुन्याने पुन्हा घडविली, आणि आज आपण दर्शन घेतो ते त्या घडविलेल्या मुखांचे.

दगडाच्या मुखास चुना चालतो. जित्या माणसाच्या मुखास तो चालत नाही. तेथे कातडीस कातडी आणि मांसास मांसच लागते, आणि तेही रक्त खेळते असावे लागते. हे काम करणारी शल्यविद्या आपल्या देशात फार प्राचीन काळापासून होती, मधल्या काळात ती घराघरांत कोंडून राहिली, परदेशी जाऊन वाढली आणि तेथून परत आली. ही हकीकत सभासद बंधूंना व त्यांच्या कुटुंबीयांना सांगावी, असा आमचा हेतू आहे. आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचे. वैद्यकशास्त्रात आमचा अधिकार नाही. परंतु घरात प्रसंग आला, तेव्हा जाणत्यांना विचारले, पुस्तके चाळली, आणि जे समजले ते येथे मांडीत आहोत.

नाक आणि पत

आपल्या भाषेत अब्रू गेली की नाक कापले जाते, आणि दिवाळे निघालेला व्यापारी तोंड लपवितो. पेढीवर येणाऱ्या माणसाची पत आपण आधी त्याच्या मुद्रेवरून अजमावतो, वही मागाहून उघडतो. म्हणूनच ज्याला समाजातून उठवायचे त्याचे नाक कापण्याची क्रूर रीत आपल्याकडे शतकानुशतके चालली. हे फार लांबचे नव्हे. आपल्या शेजारच्या भिंड-मुरैनाच्या बेहडांत गब्बरसिंग नावाचा दरोडेखोर लोकांची नाके व कान कापीत असे. १९५९ च्या नोव्हेंबरात भिंड जिल्ह्यात पोलिसांच्या हातून तो मारला गेला. पुढे त्याचे नाव सिनेमात जाऊन घरोघरी पोहोचले. परंतु ज्यांची नाके गेली त्या खेडुतांची नावे कोणाच्या ओठी राहिली नाहीत.

असाच प्रकार गेल्या शतकाच्याही आधी काठेवाडात जुनागडच्या बाजूस घडत असे. तेथे मकराणी दरोडेखोरांनी कापलेली नाके घेऊन लोक संस्थानचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांच्याकडे येत. डॉक्टरसाहेबांनी कपाळाची कातडी घेऊन शंभर माणसांना नवी नाके करून दिली आणि १८८९ साली त्याची साद्यंत हकीकत पुस्तकरूपाने छापली. त्यांची रीत नवी नव्हती. ती कोठून आली हे समजण्यास पुण्यास जावे लागते.

पुण्याचा वीटकरी

१७९२ च्या टिपू सुलतानावरील स्वारीत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकण्याच्या कामावर कावसजी नावाचा एक गडी होता. नाव पारशी वाटले, तरी वृत्तांतात तो मराठा शेतकरी म्हटला आहे. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचे नाक व एक हात तोडला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. हा कारागीर वैद्य किंवा हकीम नव्हता. तो जातीने विटा पाडणारा होता. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया समक्ष पाहिली.

क्रिया अशी होती. प्रथम मेणाचे एक पातळ नाक करून ते जखमेच्या जागी बसवून पाहिले. मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवले व त्याच्या कडेने रेघ काढली. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडविली; मात्र दोन भुवयांच्या मधोमध तिचा एक देठ तसाच जोडलेला ठेवला. नाकाच्या जुन्या जखमेची कड ताजी करून, देठावर कातडी फिरवून खाली आणली व कडेशी कड बसविली. वरून पाण्यात मऊ केलेला कात फडक्याच्या पट्ट्यांवर लावून पाच-सहा थर दिले. रोग्यास पाच-सहा दिवस उताणे निजविले. चार दिवसांनी तुपात भिजविलेली फडकी ठेवली. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून आत मऊ फडक्याचे तुकडे घातले. सुमारे पंचवीस दिवसांनी देठ कापला. नाक तयार झाले.

या क्रियेचे सारे मर्म त्या देठात आहे. कपाळावरची कातडी एकदम कापून नाकावर ठेवली असती तर ती वाळून गेली असती. देठातून रक्त येत राहते, तोवर नव्या जागेतून रक्ताचे नवे मार्ग फुटतात. ते पक्के झाले की देठाची गरज राहत नाही. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर नव्या ठिकाणचा पुरवठा नीट सुरू झाल्याखेरीज जुने खाते बंद करू नये. कपाळाच्या कातडीने नाक करताना आजचे निष्णात शल्यवैद्यही हाच नियम पाळतात.

आम्हां ग्वाल्हेरकरांस आणखी एक गोष्ट येथे सांगाविशी वाटते. हे घडले त्या सुमारास पाटीलबावा महादजी शिंदे पुण्यातच मुक्कामास होते. १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडीस त्यांचे देहावसान झाले. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चितारी तेव्हा पुण्यात होता. ज्या हातांनी त्याने महादजींची तसबीर रंगविली, त्याच हातांनी त्याने या बैल हाकणाऱ्या गड्याची, नव्या नाकासह, तसबीर काढली. १७९४ च्या ऑक्टोबरात ‘जेंटलमन्स मॅगेझिन’ नामक लंडनच्या मासिकात ही सारी हकीकत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या शल्यवैद्याने आधी प्रेतांवर सराव केला आणि १८१४ साली लंडनमध्ये ही क्रिया जिवंत माणसावर केली. १८१६ मध्ये त्याने आपल्या दोन शस्त्रक्रियांचे पुस्तक प्रसिद्ध केले. दोनच वर्षांनी बर्लिनच्या ग्रेफे यांचा ग्रंथ आला, आणि ही विद्या युरोपभर पसरली.

आता नीट पाहावे. कावसजीचे नाव राहिले, चित्रकाराचे राहिले, लंडनच्या शल्यवैद्याचे राहिले. ज्याने नाक केले त्या वीटकऱ्याचे नाव मात्र त्या वृत्तांतात नाही. त्याची विद्या बापाकडून मुलाकडे जाणारी होती. तिची वही नव्हती, शाळा नव्हती. हिमाचलातील कांगड्याकडेही अशीच घराणी होती. ती मिटली तशी त्यांची विद्याही मिटली. जे वहीत चढत नाही ते बुडीत जाते, हे व्यापाऱ्यास कोणी शिकवावयास नको.

भोपळ्यावरचा सराव

असे होणे हे आपल्याच पूर्वजांच्या शिकवणीविरुद्ध होते. सुश्रुतसंहितेत कानाच्या पाळ्या जोडण्याचे पंधरा प्रकार सांगितले असून गालाची कातडी घेऊन नाक करण्याची रीतही दिली आहे. परंतु आम्हांस त्याहून मोलाचा वाटला तो शिष्याने सराव कसा करावा हे सांगणारा अध्याय. शिष्याने छेद घेण्यास कोहळा, दुध्या भोपळा, काकडी अशा फळांवर शिकावे. पाणी-चिखल भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर चिरा द्याव्या. शिरा उघडण्याचा सराव कमळाच्या देठावरही करावा. पट्टी बांधण्यास कापडाच्या बाहुलीचे अवयव घ्यावे. केवळ ग्रंथ पाठ केलेला परंतु हात न बसलेला शिष्य प्रत्यक्ष कामास अयोग्य होय, असे त्यात स्पष्ट बजाविले आहे.

आजचे शिक्षणही याच तत्त्वावर चालते. उमेदवारीचे वर्ष धरून एम. बी. बी. एस. साडेपाच वर्षे, त्यापुढे सर्वसाधारण शल्यशास्त्राची एम. एस. पदवी तीन वर्षे, आणि त्यानंतर प्लास्टिक सर्जरीची एम. सीएच. पदवी आणखी तीन वर्षे : अशी साडेअकरा वर्षे नेहमीच्या मार्गाने लागतात. शिकणारा आधी वरिष्ठाच्या शेजारी उभा राहून पाहतो, मग मदत करतो, मग वरिष्ठाच्या नजरेखाली स्वतः करतो. केसाहून बारीक धाग्याने सूक्ष्मदर्शकाखाली टाके घालण्याचा सराव तो रबराच्या तुकड्यावर करतो. केलेले प्रत्येक काम त्याला एका वहीत नोंदवून वरिष्ठाची सही घ्यावी लागते. चेहऱ्याच्या निरनिराळ्या भागांची कामे कान-नाक-घशाचे शल्यवैद्य व जबड्याचे दंतशल्यवैद्यही आपापल्या शिक्षणानुसार करतात. येथे एक गैरसमज दूर करतो. ‘प्लास्टिक’ हा शब्द बादलीच्या प्लास्टिकवरून आलेला नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘घडविणे’ असा आहे; कुंभार माती घडवितो त्या अर्थी.

ही विद्या परत कशी आली तेही पाहावे. पहिल्या महायुद्धात तोफांनी हजारो शिपायांचे चेहरे छिन्नविच्छिन्न झाले. त्यांच्यासाठी १९१७ साली लंडनजवळ सिडकप येथे खास रुग्णालय उघडले. तेथील प्रमुख हॅरोल्ड गिलीज यांना अर्वाचीन प्लास्टिक सर्जरीचे जनक मानतात. त्यांच्याकडे शिकून आलेले मुंबईचे डॉ. नोशीर अंटिया यांनी ती विद्या कुष्ठरोग्यांच्या बसलेल्या नाकांसाठी व वाकड्या बोटांसाठी वापरली, आणि जे. जे. रुग्णालयात शिष्य तयार केले. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ साली या शास्त्राचा स्वतंत्र विभाग उघडला. अशा रीतीने पुण्याच्या वीटकऱ्याजवळ जे नव्हते, ती शाळा व ती वही, दीडशेहून अधिक वर्षांनी महाराष्ट्रात आली.

पंढरपूरचे डॉक्टर

आता आपल्या समाजाशी ज्याचा निकट संबंध आला, त्या सत्पुरुषाविषयी. डॉ. शरदकुमार दीक्षित यांचा जन्म १९३० साली पंढरपूरचा. ते अमेरिकेत जाऊन प्लास्टिक सर्जन झाले. १९६८ पासून ते दरवर्षी स्वदेशी येऊन गोरगरिबांच्या दुभंगलेल्या ओठांच्या, मिटलेल्या पापण्यांच्या व चेहऱ्यावरील व्रणांच्या शस्त्रक्रिया विनामूल्य करू लागले. मोटार अपघातात त्यांच्या शरीराची एक बाजू अधू झाली. पुढे कर्करोगामुळे स्वरयंत्र काढावे लागले. हृदयविकाराचे झटके आले. तरीही चाकांच्या खुर्चीत बसून, यंत्राच्या साह्याने बोलत, ते शिबिरामागून शिबिर करीत राहिले. २००१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०११ साली ते निवर्तले. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने त्यांच्यासाठी ठिकठिकाणी शिबिरे भरविली : जागा, जेवण, औषधे, रोग्यांची ने-आण, स्वयंसेवक. हात डॉक्टरांचे होते. रोगी टेबलापर्यंत आणण्याचे काम मात्र व्यापाऱ्यांचे होते. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण पुढे आम्हांस जे म्हणावयाचे आहे ते याच्याशीच संबद्ध आहे.

आमच्या घरची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमची ज्येष्ठ कन्या बाळंतपणास माहेरी आली. मुलगा झाला, परंतु त्याचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला होता आणि टाळूही उघडी होती. आम्ही त्या वेळी जे केले ते सांगण्यास लाज वाटते, तरी सांगतो. बारशाचे आमंत्रण कोणास धाडले नाही. फोटो काढू दिला नाही. आणि कन्येस म्हणालो, “ग्रहण पाळले असतेस तर हे झाले नसते.” ती काही बोलली नाही. सहा दिवस तिने आमच्याशी शब्द काढला नाही.

सातव्या दिवशी सौ. आमचे न ऐकता तिला व बाळाला शल्यवैद्यांकडे घेऊन गेली. आम्ही मागोमाग गेलो. ते तरुण गृहस्थ शांतपणे म्हणाले, “बाबा, वरचा ओठ गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळतो. तोवर पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचेदेखील ठाऊक नसते. दोन बाजू वाढत येऊन मधे जुळावयाच्या, त्या जुळल्या नाहीत. यात ग्रहणाचा दोष नाही, आणि मुलीचा तर नाहीच नाही.” सुमारे सातशे मुलांमागे एकास असे होते, हेही त्यांनी सांगितले. मग त्यांनी दहाचा नियम समजावला : बाळ दहा आठवड्यांचे व्हावे, वजन दहा पौंड, म्हणजे साडेचार किलो, भरावे, रक्तातील हिमोग्लोबिन दहा ग्रॅम असावे, मग ओठाची शस्त्रक्रिया करावी. तोवर बाळास उभे धरून चमच्याने किंवा दाबता येईल अशा बाटलीने दूध पाजावे. चौथ्या महिन्यात ओठ जुळला. अकराव्या महिन्यात टाळू जुळली. त्यानंतर शब्द स्पष्ट यावेत म्हणून वाणीचे शिक्षण दिले. तिसऱ्या वर्षी नातवाने आम्हांस स्वच्छ ‘आजोबा’ म्हणून हाक मारली. त्या आनंदात आम्ही दालबाजारातील आपल्या गोदामावर पेढे वाटले.

गोदामात पल्लेदार हमालांची मुलेही जमली होती. त्यांत आमच्या एका जुन्या पल्लेदाराची चौदा वर्षांची मुलगी होती. बापाची भाकरी घेऊन ती सहा वर्षे रोज गोदामात येत असे. तिने पेढा घेतला, ओढणी तोंडावर ओढली आणि भिंतीकडे तोंड करून खाल्ला. सहा वर्षांत प्रथमच आम्ही तिच्याकडे पाहिले. तिचा ओठ आमच्या नातवासारखाच दुभंगलेला होता.

बापास विचारले तेव्हा तो म्हणाला, “सेठजी, हमारे यहाँ तो ऐसे ही रहते हैं।” शस्त्रक्रिया विनामूल्य होते हे त्यास ठाऊक नव्हते. ठाऊक झाल्यावरही तो कचरला. कारण रुग्णालयात राहावयाचे तर दहा दिवसांचा रोज बुडणार होता. तो रोज व जाण्यायेण्याचे भाडे मिळून एक क्विंटल हरभऱ्याच्या भावाइतकीही रक्कम होत नव्हती. चौदा वर्षे त्या मुलीचे मुख एवढ्या रकमेपायी अडून राहिले होते.

शस्त्रक्रिया झाली. ओठ चांगला जुळला. टाळूही जुळविली, परंतु ती पहिल्या-दुसऱ्या वर्षी जुळावयास हवी होती. चौदा वर्षे बसलेली बोलण्याची सवय एकाएकी सुटत नाही. आजही तिचे शब्द नाकातून येतात व अनोळखी माणसास नीट कळत नाहीत. आमच्या नातवास जे मिळाले त्यातील अर्धेच तिला मिळाले, आणि उरलेले अर्धे आता कोणी देऊ शकत नाही. आपण दरवर्षी क्षमावणीस साऱ्यांची क्षमा मागतो. त्या वर्षी आम्ही त्या पल्लेदाराच्या घरी गेलो व त्या मुलीपुढे हात जोडले. ती संकोचली, पण तिने तोंड झाकले नाही.

आपण काय करावे

तेव्हा सभासद बंधूंस व भगिनींस आमची चार मागणी आहेत.

पहिले, घरात असे बाळ जन्मले तर लपवू नये व आईस दोष देऊ नये. पहिल्याच आठवड्यात शल्यवैद्यास दाखवावे. ओठ साधारणतः तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान व टाळू नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, असा हिशेब असतो. मुदत टळली की व्याज वाढते, आणि ते लेकराला भरावे लागते.

दुसरे, आपल्या दुकानी, गोदामी, गिरणीत राबणाऱ्यांच्या घरी कोणी असे आहे काय, याची प्रत्येकाने स्वतः विचारपूस करावी. ओठाप्रमाणेच भाजून आखडलेली मान, मिटलेली पापणी, जनावराने फाडलेला गाल हेही सुधारता येते. चौकशी १९४६ साली स्थापन झालेल्या आपल्या गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात करावी. अठरा वर्षांखालील मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ही सरकारी योजना आहे, तीत दुभंगलेला ओठ व टाळू यांचा समावेश आहे. ‘स्माइल ट्रेन’ ही संस्थाही अनेक शहरांतील रुग्णालयांतून या शस्त्रक्रिया विनामूल्य करविते.

तिसरे, शस्त्रक्रियेचा खर्च सुटला तरी बुडालेला रोज व भाडे सुटत नाही. तेवढ्यासाठी संघाने एक लहानसा निधी ठेवावा व त्याची वही वेगळी ठेवावी.

चौथे, केवळ सौंदर्यासाठी नाक-ओठ बदलून देण्याच्या जाहिराती हल्ली फार दिसतात. आमच्या लेकी-सुनांनी अशा ठिकाणी जाण्याआधी करणाऱ्याची पदवी व त्याने हे शिक्षण कोठे घेतले हे विचारावे. आपण दाण्याचा नमुना पाहिल्याशिवाय गोणी घेत नाही. मग मुख कोणाच्याही हाती कसे द्यावे?

निधीचा आरंभ म्हणून आम्ही आमच्या पेढीतर्फे दहा रोग्यांचा रोज व भाडे संघाच्या कार्यालयात जमा केले आहे. वही कोरी आहे. पहिले नाव आपल्यापैकी कोणी आणावे, अशी विनंती करून हा लेख संपवितो.

जय जिनेंद्र.